रविवारची कुंडी

आता आपल्या बागवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची यादी तुझ्याकडे आली. ग्रुप कसा चालवायचा हे तुला मी काय शिकवणार, फोनवर तुझी बोटं माझ्यापेक्षा चपळ चालतात. पण 'रविवारची कुंडी' हे मानपानाचं काम आहे, आणि मानपानावरून आपल्याकडे मांडवातून वऱ्हाडं परत गेलेली आहेत. म्हणून चार गोष्टी कानात सांगून ठेवते.

कुणी नवीन माणसाने विचारलं की ही काय भानगड, तर एवढंच सांग. दर रविवारी सकाळी सातला ग्रुपातल्या एका सभासदाची एक कुंडी सगळ्यांसमोर येते. अख्खी बाग दाखवायची नाही, एकच कुंडी. तीन-चार फोटो, आठ-दहा ओळी, आणि दिवसभर बाकीच्यांनी त्या माणसाशी बोलायचं. दुसरा विषय त्या दिवशी काढायचा नाही. मान म्हणायचा तो एवढाच.

यात निवड करायची नाही, नंबर लावायचा. बाकीचं सगळं विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस. 'या महिन्यातली उत्कृष्ट बाग' असलं काही सुरू करावं असं कुणीतरी अधूनमधून सुचवतंच. हौसेनं सुचवतं बिचारं. मग परीक्षक कोण असावेत, गुण कशाला किती, इथपर्यंत गाडी जाते. ऐकून घ्यायचं आणि विषय कुंडीवर आणायचा. उत्कृष्ट निवडायला लागलीस की पहिले दोन-तीन महिने झकास जातात, कारण दांडगे बागवाले पाच-सहा असतातच. त्यांची नावं संपली की घोडं अडतं. त्यांनाच पुन्हा दिलं तर बाकीचे म्हणतात, ठरावीक लोकांचं चाललंय. दुसऱ्याला दिलं तर त्यालाही कळतं की आपण उरल्यासुरल्यातले. आणि ज्यांच्याकडे खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळस आणि ओवा, एवढाच संसार आहे, ते पहिल्या दिवशीच समजून चुकतात की हे आपल्यासाठी नाही. ते ग्रुप सोडत नाहीत, नुसते गप्प होतात. सोडून गेलेला निदान दिसतो, गप्प झालेला दिसतही नाही.

पंढरपूरला आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात, तेव्हा त्यांच्यासोबत एक वारकरी जोडपं असतं. मानाचे वारकरी. ते कसे ठरतात बघ. सगळ्यात जास्त वाऱ्या कुणाच्या, अभंग कुणाला जास्त पाठ, असलं कुणी विचारत नाही. त्या वेळी दर्शनाच्या रांगेत जे जोडपं पुढे असेल त्यांना पूजेचा मान मिळतो. एसटीचा वर्षभराचा मोफत पासही देतात. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचं नाव येतं, गाव येतं. यांनाच का, असं म्हणताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही. रांगेत तास न् तास काढलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की दोन पावलं इकडेतिकडे झाली असती तर तिथे आपण असतो. मान असा कुणालाही मिळू शकतो म्हटलं की त्याचा हेवा वाटत नाही.

आपणही तेच करतो, फक्त रांगेऐवजी चिठ्ठ्या. श्रीखंडाचा रिकामा डबा आहे माझ्याकडे, तो तुला देते. भिशीत जसा एकदा नंबर लागला की ती चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही, तसंच इथे. सगळ्यांचा एकेकदा झाल्याशिवाय कुणाचा दुसऱ्यांदा नाही, मग तो कितीही मोठा बागवाला असो. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पुढच्या चार-पाच जणांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा. घरात लहान मूल असेल तर त्याच्याकडून काढून घे, पोराच्या हातावर कुणी संशय घेत नाही. तू म्हणशील, फोनवर चाक फिरवून नाव काढता येतं. येत असेल. पण चिठ्ठीची घडी उलगडताना लोक श्वास रोखून बघतात, ते फोनवरच्या चाकाकडे बघत नाहीत. पोल मात्र कधीच घेऊ नको. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कुणी कुणाला मत दिलं ते नावानिशी दिसतं. रुसव्या-फुगव्यांना याहून सोपी वाट शोधून सापडायची नाही.

डबे दोन ठेव. एक सगळ्यांचा आणि एक वर्षाच्या आत आलेल्या नवख्यांचा. दर तिसरी चिठ्ठी नवख्यांच्या डब्यातून काढायची. जुने कुरकुरतात, आम्ही किती दिवस थांबलोय म्हणून. कुरकुरू देत. जुना माणूस कुरकुरला तरी जात नाही, नवा मात्र तीन महिन्यांत कंटाळून जातो. हे मी अनुभवाने म्हणत होतेच, पण माझ्या नातवाने त्याला पुरावाही आणून दिला. विकिपीडियावर लोक फुकट लिहितात ना, तिथे एकमेकांना चांदणीचं चित्र देण्याची पद्धत आहे. बार्नस्टार म्हणतात त्याला. अमेरिकेत शेतावरच्या कोठारांच्या भिंतींवर अशा चांदण्या लावतात, त्यावरून ते नाव. २००३ पासून हे चालू आहे. कुणीही कुणालाही द्यावी, पैशाचा संबंध नाही. जर्मन विकिपीडियावर याना गालुस नावाच्या संशोधक बाईंनी चार हजारांवर नवख्या लेखकांमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं काढून काहींना असाच एक नुसता नावाचा पुरस्कार द्यायची व्यवस्था केली. २०१७ साली त्यांचा निबंध छापून आला. ज्यांना पुरस्कार मिळाला त्यांच्यात टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा वीस टक्क्यांनी जास्त निघालं. अगं, हाती काही पडलं नव्हतं त्यांच्या. कुणीतरी आपल्याला पाहिलं, एवढंच कळलं होतं.

चिठ्ठी निघाली तरी ऋतू बघायचा. न्यू जर्सीच्या ताईंचं नाव जानेवारीत निघालं तर त्या बर्फाचा फोटो पाठवणार का? त्यांना जुलै-ऑगस्टकडे ढकल. अकोल्या-नागपूरकडच्या लोकांची मे महिन्यात हिरव्या नेटखालीसुद्धा रोपं करपलेली असतात. ते म्हणतात, आमची कुंडी श्रावणात बघा. बरोबर आहे त्यांचं. अदलाबदल चालते, पण दोघांच्या संमतीने आणि वहीत लिहून. मध्येच कुणाला घुसवायचं नाही. आज अमुकचा वाढदिवस आहे तर आजच करूया, असा आग्रह होतो. वाढदिवसाचे केक वेगळे, कुंडी वेगळी.

आता कामाची गोष्ट. बुधवारी फोन करायचा. मेसेज पाठवून भागवू नको. मेसेजला 'बघते' असं उत्तर येतं आणि शनिवार रात्र उजाडते.

फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "अहो, माझ्याकडे काय आहे दाखवण्यासारखं? चार तर कुंड्या." इथे 'नाही हो, छानच असेल' असं म्हणून पुढे गेलीस तर संपलं. समोरचा माणूस आणखी अंग चोरतो. आपण विचारायचं, "सकाळी उठल्यावर त्या चारातल्या कुठल्या कुंडीपाशी आधी जाता?" हा प्रश्न मला कधी दगा देत नाही. प्रत्येकाची एक कुंडी अशी असतेच, आणि ती बहुतेक वेळा घरातली सगळ्यात सुंदर कुंडी नसते. मग विचार, "तुम्ही गावाला गेलात की पाणी कोण घालतं?" इथे शेजारीण येते, वॉचमन येतो, किल्लीची गोष्ट येते. बाटलीला भोक पाडून मातीत उलटी खोचायची, त्यातली कापसाची वात, हे सगळे उद्योग येतात. तिसरा प्रश्न, "मेलं कुठलं?" हा जरा जपून विचार, पण विचार. जास्वंदीला मिलीबग झाला, निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी मारून मारून हात दुखले आणि शेवटी झाडच उपटलं, हे सांगताना माणूस मोकळा होतो. आणि वाचणाऱ्या निम्म्यांची जास्वंद तशीच गेलेली असते.

'स्वतःविषयी थोडं सांगा' असं मात्र कधी म्हणू नको. त्यावर माणूस जन्मगाव, शिक्षण आणि नोकरी सांगतो. तो बायोडेटा झाला.

डोंबिवलीच्या त्या आजोबांचं तुला आठवतं ना? तू तेव्हा नवीनच होतीस. इतकी वर्षं ग्रुपात होते आणि अंगठ्यापलीकडे एक शब्द नाही. कुणाचंही काही असो, खाली यांचा अंगठा. चिठ्ठीत नाव निघालं तर म्हणाले, "आमची वन रूम किचन, बाग कुठली." आधी कुठल्या कुंडीपाशी जाता, असं विचारलं. थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "भोपळ्याच्या. पण ती कुंडी नाही, रंगाची बादली आहे." वीस लिटरची रंगाची बादली, तळाला तापलेल्या सळईने भोकं पाडलेली, आणि वेल खिडकीच्या ग्रिलवरून वरच्या मजल्याच्या ग्रिलवर गेलेला. वरच्या बाईंनी आधी कटकट केली आणि मग पहिला भोपळा तिकडेच धरल्यावर त्यांनीच त्याला साडीच्या काठाची झोळी बांधून दिली. खरी गंमत पुढे होती. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या फिरकत नव्हत्या, म्हणून आधी फळ धरतच नव्हतं. तेव्हा हे गृहस्थ पहाटे उठून, नातीच्या चित्रकलेच्या ब्रशने नरफुलातला पराग मादीफुलाला लावत होते. मादीफूल कसं ओळखायचं, तर पाकळ्यांच्या खाली देठापाशी बोराएवढा इवलासा भोपळा आधीपासून असतो. आणि हे ऊन चढायच्या आत करायचं, नंतर फूल मिटतं. फोटोत त्यांचा नुसता हात होता, ब्रश धरलेला, मनगटावर एचएमटीचं जुनं घड्याळ. त्या रविवारी त्यांना इतके प्रश्न आले की दुपारी झोपले नाहीत म्हणे. आता ग्रुपात कुणाचं काकडीचं, दोडक्याचं फूल गळलं की लोक त्यांनाच हाक मारतात, आणि ते सविस्तर उत्तर देतात. अंगठा बंद झाला.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर ठाऊक आहेत का तुला? गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. तासगावकडचे द्राक्षबागायतदार त्यात होते, पुढे शहरात गच्चीवर भाजी पिकवणारेही आले. त्यांचं म्हणणं असं की इथे शिकवणारा आणि शिकणारा असे दोन वर्ग नाहीत. जो आपल्या जागेत काही करून बघतो तो प्रयोग करणारा, आणि त्याने ते दुसऱ्याला सांगायचं. तेव्हा व्हॉट्सॲप कुठलं आलं होतं? आपल्या कुंडीचा पाया मला विचारशील तर तोच आहे. ज्याचा नंबर येईल त्याने काहीतरी करून पाहिलेलं असतंच. ते शोधून काढणं, एवढंच तुझं काम.

लिहिताना विशेषणं गाळ. 'मनमिळाऊ, हसतमुख, निसर्गप्रेमी व्यक्तिमत्त्व' ही भाषा निरोप समारंभाची नाहीतर श्रद्धांजलीची. ती वाचून माणसाला वाटतं, हे कुणाविषयीही चाललं असतं. बादली किती लिटरची, भोकं कशाने पाडली, माती कुठून आणली, हे लिही. कोकोपीट किती, शेणखत किती, स्वयंपाकघरातला ओला कचरा किती दिवसांनी घातला, हे लिही. लोक वाचता वाचता वहीत टिपून घेतात, तोही मानच. ज्यांना टाइप करता येत नाही त्यांना बोलायला सांग, व्हॉइस नोट मागव आणि तू उतरव. वऱ्हाडीत बोलले तर वऱ्हाडीतच राहू दे, मालवणीत बोलले तर मालवणीत. कुणाचंही बोलणं प्रमाण करून इस्त्री मारू नको. आणि टाकण्याआधी त्यांना एकदा दाखव. नवऱ्याविषयी गमतीने बोललेलं एखादं वाक्य ग्रुपवर नको असतं.

फोटोंचंही सांगते. सकाळच्या उजेडात काढायला सांग, आणि एक फोटो हाताचा. चेहरा दाखवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. मागे इमारतीचं नाव, गाडीचा नंबर दिसत असेल तर तो फोटो बदलून घे. ग्रुपात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, त्यात पत्ताही हाती लागायला नको. एकट्या राहणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून बघ. 'पुढचा आठवडाभर आम्ही गावी' असं कुणाच्या मजकुरात असलं तर काढून टाक.

सात वाजता टाकलंस की तो माणूस सव्वासातला फोन उघडून बघतो. साडेसातला पुन्हा, आठला पुन्हा. त्या तासाभरात कुणी बोललं नाही तर तो हिरमुसतो आणि नंतर शंभर टाळ्या पडल्या तरी ते भरून येत नाही. म्हणून शनिवारीच दोघांना सांगून ठेव, सकाळी पहिल्या दहा मिनिटांत विचारा म्हणून. कौतुक करू नका, विचारा. कौतुकाला 'धन्यवाद' म्हटलं की बोलणं मिटलं. "ओव्याला इतकी मोठी पानं कशी?" असं विचारलं की माणूस बोलायला लागतो, मग तिसरा म्हणतो माझं असं होतं, चौथी म्हणते मी ताक घालते, आणि दुपारपर्यंत चालतं. टाळ्यांची, फुलांची चित्रं कुणी टाकली तर टाकू दे, पण दोघे-तिघे शब्दांत बोलले पाहिजेत. हे दोघे दर वेळी बदलायचे, नाहीतर तेच दोघे हुशार म्हणून प्रसिद्ध होतात. सुप्रभातवाल्यांना त्या दिवसापुरतं गोडीने थोपव. देवांचे फोटो, गरम पाण्याचे फायदे यांच्या ढिगाखाली कुंडी दिसेनाशी होते. तेवढ्यासाठी मेसेज वर पिन करून ठेव, सात दिवसांसाठी. सकाळी सातची वेळ मी मुद्दाम धरली आहे. इथे चहा होतो, आणि न्यू जर्सीत शनिवारची रात्र असते, ताई झोपण्याआधी वाचतात.

बक्षीस नको. एका सभासदाने मोठ्या मनाने कुपन द्यायची तयारी दाखवली होती, हात जोडून नाही म्हटलं. कुपन आलं की त्याची किंमत येते, आणि मग कुणाला दोनशेचं, कुणाला पाचशेचं. आपल्याकडे एकच देणं आहे. आदल्या रविवारच्या माणसाने पुढच्याला चिमूटभर बी पाठवायचं, साध्या पाकिटातून. घेवड्याचं, अंबाडीचं, मायाळूचं, जे असेल ते. पत्ता त्या दोघांनी एकमेकांना द्यायचा, ग्रुपवर नाही. यातून दोन माणसांची ओळख होते, ती पुढेही राहते. परदेशात मात्र बी पाठवू देऊ नको. अमेरिकेत कागदपत्रांशिवाय बी आत घेत नाहीत. ताईंचं बी त्यांच्या पुण्यातल्या बहिणीकडे जातं, आणि त्यांच्या वतीने पुढच्यालाही बहीणच पाठवते.

नर्सरीवाले दोघे-तिघे आहेत ग्रुपात. त्यांचाही नंबर लागतो, का लागू नये. पण घरची कुंडी दाखवायची, दुकानातली नाही, आणि दर सांगायचे नाहीत.

नको म्हणणारे दोन तऱ्हेचे. एक जण नको नको म्हणत अर्धा तास बोलत राहतो. त्याचं हो धर. दुसरा 'नको' म्हणून विषय बदलतो किंवा फोन ठेवतो. त्याचं नको हे नकोच. का म्हणून विचारू नको, चिठ्ठी डब्यात परत टाक, ग्रुपवर अवाक्षर काढू नको. त्याच्या घरात काय चाललं असेल आपल्याला काय माहीत. पुढे कधी नाव निघालं तर पुन्हा विचार, आणि तेव्हाही नको म्हटलं तर चिठ्ठी निराळ्या पाकिटात ठेव. त्याला वाटलं तर तो स्वतःच सांगतो. नंबर यायच्या आत माणूसच गेला, असंही होतं. घरच्यांना महिन्या-दोन महिन्यांनी विचार, कुंडीला पाणी कोण घालतं आता. त्यांना हवं असेल तर ते बोलतात.

पितृपक्षात मान घ्यायला काही जण कां-कूं करतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नको, पुढचा नंबर आधी घे. पितृपक्षाचं काही न वाटणारेही ग्रुपात पुष्कळ आहेत.

दोन कुंड्या कायम शिलकीत ठेव. म्हणजे फोन झालेला, फोटो आलेले, मजकूर दाखवून झालेला. त्यांना सांगूनच ठेवायचं की तुमचा रविवार नक्की नाही, अडीनडीला लागेल तेव्हा. एखाद्याच्या घरी ऐन शुक्रवारी आजारपण निघतं, तेव्हा ही शिल्लक कामाला येते. गणपती आणि दिवाळी, या दोन रविवारी सुट्टी, आणि ती आठवडाभर आधी जाहीर करायची. जाहीर केलेल्या सुट्टीने काही बिघडत नाही. न सांगता एक रविवार गेला तर लोक थांबतात, दुसरा गेला तर विसरतात, आणि तिसऱ्याला कुणीतरी राजकारणाचा व्हिडिओ टाकतो. समज चुकलाच एखादा, तर पुढच्या रविवारी नेहमीसारखी कुंडी टाक आणि मोकळी हो. 'सर्व सभासदांची मनःपूर्वक क्षमा मागते' अशी लांबलचक प्रस्तावना नको. ती वाचल्यावरच कळतं लोकांना की काही चुकलं होतं.

वही फोनमध्ये ठेवू नको. खरी, कागदाची ठेव. तारीख, नाव, गाव, कुंडी कुठली, बी कुणी कुणाला पाठवलं, पहिले प्रश्न कुणी विचारले. फोन बदलतो, फोटो उडतात, आणि गेल्या वर्षी काय झालं ते नवीन आलेल्याला दिसतही नाही. वहीवरून वर्षातून एकदा सगळी नावं गावांसह एका यादीत टाक, बस.

आता हिशेब. वर्षाला रविवार बावन्न, सुट्ट्या सोडून पन्नास. आपण दीडशेच्या आसपास आहोत, म्हणजे एक फेरी पुरी व्हायला तीन वर्षं. हे जमतं. माणूस तीन वर्षं वाट बघू शकतो, विशेषतः मधल्या काळात दुसऱ्याला प्रश्न विचारायचं काम मिळालं तर. पण व्हॉट्सॲप एका ग्रुपात १०२४ माणसं घेऊ देतं, आणि आपल्याकडे अमुकच्या मावसबहिणीला घ्या, तमुकच्या व्याह्यांना घ्या, हे थांबत नाही. हजार झाले तर शेवटच्याचा नंबर यायला वीस वर्षं. त्याला मान कसला म्हणायचा, ती म्हाडाची लॉटरी झाली. म्हणून दीडशेवर गेलो की दार लावून घे. कुणी आलंच तर कोकण-गोव्याचा वेगळा, देशावरचा वेगळा असे ग्रुप करा आणि दोघांनी आपापला डबा ठेवा.

फेरी संपली की दुसरी फेरी तशीच करू नको, लोकांना आधीचं आठवतं. दुसऱ्या फेरीला प्रश्न बदल. मी ठरवलं होतं की दुसऱ्यांदा 'हे रोप आलं कुठून' एवढंच विचारायचं. कुणी माहेराहून कांडी आणलेली असते, कुणी बागेतल्या माळ्याला चहाला दहा रुपये देऊन, कुणी सरळ चोरून. चोरून आणलेल्या कृष्णकमळावर तर एक अख्खा महिना निघेल.

आणि हे सगळं एकटीच्या अंगावर घेऊ नको. शिकागोला १९०५ साली पॉल हॅरिस आणि त्याच्या मित्रांनी क्लब काढला तेव्हा त्यांच्या सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायच्या, म्हणून नाव रोटरी. मंडळी वाढली तशी सभेची जागा एक ठरली, फिरणं थांबलं, नाव राहिलं. त्यांचं पुढे भलंच झालं, पण आपलं तसं होणार नाही. आपल्याकडे मानाबरोबर कामही फिरलं पाहिजे. गेल्या तीन महिन्यांत ज्यांच्या कुंड्या झाल्या त्यांच्यातल्या एकाने पुढच्या तीन महिन्यांचे फोन करायचे, दुसऱ्याने मजकूर लिहायचा. नुकताच मान मिळालेला माणूस या कामाला नाही म्हणत नाही, आणि त्याला माहीत असतं सव्वासातला फोन उघडताना काय वाटतं ते. तुझ्याकडे फक्त डबा आणि वही.

या रविवारी नंबर सांगलीच्या काकांचा आहे. बुधवारी दुपारी एक ते चार फोन करू नको, ते झोपतात. ऐकायला कमी येतं, तेव्हा सूनबाईंच्या फोनवर लाव आणि त्यांना स्पीकरवर ठेवायला सांग. फोटो सूनबाईच काढतील, हात चांगला आहे त्यांचा. त्यांना आधीच बजाव, कुंडी धुऊन पुसून ठेवू नका, आणि तिच्यात खोचलेली ती मोडकी छत्रीची काडी काढू नका.